अख्तरबानोने काढलेलं दार

अख्तरबानोच्या घरात उघडं असं काही दिसायचं नाही. फ्रिजवर झालरीचं कव्हर, मिक्सरवर टोपी, टीव्हीवर जाळीची ओढणी, आणि पाण्याच्या फिल्टरला तर तिने हिरव्या मखमलीचा अंगरखाच शिवला होता. शेजारणी थट्टा करायच्या, बानोभाभी, उद्या नवऱ्यालाही कव्हर शिवाल. ती म्हणायची, "माप घेऊ देत नाहीत ना, नाहीतर कधीच शिवलं असतं."

धूळ तिची जन्माची वैरीण. आणि वैर असायला कारणही तसंच. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळं मैदान, आणि दिवाळी सरली की त्या मैदानावर वाळायला घातलेल्या लाल मिरचीची पथारी पडते ती उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत. नंदुरबारच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, नाक मेलेलं असतं. पण वारा फिरला की अख्खी गल्ली शिंकते, आणि नवखा पाहुणा डोळे चोळत बसला की पोरांची करमणूक होते.

ही बाई मूळची ब्राह्मणपुरीची. बाप पिंजारी, गुजर शेतकऱ्यांच्या ओसऱ्यांवर बसून गाद्या पिंजायचा, आणि ही कापसाने माखून त्याच्या मागे मागे. त्यामुळे हाडं नंदुरबारात आली तरी जीभ गावातच राहिली. घरात सगळे हिंदी-मराठीची खिचडी बोलतात, तीही बोलते. मात्र राग आला की ती थेट अहिराणीवर येते, आणि ती अहिराणीवर आली की निजाम मिस्त्री चप्पल शोधायला लागतो. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं कळलं, हेही नसे थोडके.

निजाम मिस्त्री म्हणजे तिचा नवरा, सुतार. हाताला यश आणि डोक्यात ताठा. लग्नानंतर त्याने बैठकीची एक अख्खी भिंत भरून शोकेस केलं. नवापूरकडचं सागवान, वर काचा, खाली खण, मधोमध एक उभं मोठं दार. सांध्यांत कुठे खिळा नाही. आल्या-गेल्याला तो ते दार लावून दाखवायचा आणि म्हणायचा, "मिरचीच्या गावात कपाट कसं पाहिजे? डब्यासारखं. आत मुंगीचा श्वास जाता कामा नये." लोक मान हलवायचे. अख्तरबानो रोज ते शोकेस पुसायची, आणि आतला सोनेरी काठाचा चिनी मातीचा सेट काचेतूनच बघायची. त्यात कोणी कधी चहा प्यालं नाही.

लग्नाआधी आणि नंतरही काही हंगाम ती मिरचीचे देठ खुडायला जायची. हात भाजल्यासारखे व्हायचे, खोबरेल चोळलं तरी रात्रभर चुरचुरायचे. पण चार बायकांत बसून खिदळायचं, येताना स्वतःच्या पैशाने पावशेर जिलेबी आणायची, याची गोडी काही और. पुढे मिस्त्रीचा जम बसला आणि तो म्हणाला, "लोक काय म्हणतील, मिस्त्रीची बायको देठ खुडते?" तिने ऐकलं. गुमान घरी बसली आणि कव्हरं शिवायला लागली. त्या ऐकण्याचा सल तिच्या मनात अजून होता. ती तो कोणाला बोलून दाखवत नसे, एवढंच.

तर अशा या घरात हुमा परत आली.

हुमा त्यांची एकुलती एक लेक. सुरतेला दिली होती. सुरतेच्या गाडीतून ती एकटी उतरली, अंगावर साधा ड्रेस, सोबत दागिना नाही, बॅग एक आणि खोकी दोन. खोक्यांत कॉम्प्युटर. सासरी असताना एका छापखान्यात पत्रिका, लेबलं मांडायचं काम शिकली होती, आणि स्वतःच्या कमाईतून तो घेतला होता. बाकी तिने तिथेच सोडलं. का सोडलं, ते तिने आईला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि अख्तरबानोने ते ऐकून एवढंच विचारलं, "जेवलीस का?" बाकी त्या दोघींचं त्या दोघींत राहिलं.

निजाम मिस्त्री लेकीवर जीव टाकणारा बाप. तो तिला एका शब्दाने बोलला नाही. पण लाज फार वाईट चीज, ती प्रेमाच्या पांघरुणातही शिरते. हुमाने बैठकीतल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, बाजारातल्या नवनीतभाईंच्या छापखान्याचं काम घरी आणलं, आणि येणारा प्रत्येक जण विचारायला लागला, "मिस्त्री, पोर आली का? किती दिवस?" मिस्त्री प्रत्येक वेळी चहाचं विचारून विषय बदलायचा. शेवटी त्याला जे येत होतं ते त्याने केलं. शोकेसच्या मधल्या खणात त्याने कॉम्प्युटर बसवायला घेतला.

बसवला मात्र असा, की बघत राहावं. खाली सीपीयूचा डबा, वर स्क्रीन, मध्ये बाहेर सरकणारी फळी, तिच्यावर कीबोर्ड. सीपीयूचं माप घेऊन त्याने खण असा नेमका केला की डाव्या-उजव्या बाजूला बोट शिरेना. पाठीमागे फळी पक्की. आणि समोर ते मोठं दार. काम असलं की दार उघडायचं, कोणी आलं की लावायचं. लावलं की आत कॉम्प्युटर आहे हे जिवंत माणसाला कळणार नाही. मिस्त्री खूष झाला. हुमाही अब्बांना म्हणाली, छान झालंय. अख्तरबानोने आपल्या परीने भर घातली: उरलेल्या मखमलीतून सीपीयूला एक अंगरखा शिवला आणि हुमा आंघोळीला गेली असताना डबा बाहेर ओढून तो पाठीमागून घातला, खाली नाडी बांधली आणि डबा परत आत सरकवला. मशीन आहे, उघडं कसं ठेवायचं?

झालं. दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद पडायला लागलं.

आधी दुपारी एकदा, मग दिवसातून चारदा. हुमा पत्रिकेत नावं भरत असायची आणि स्क्रीन काळी. तुम्ही आमच्याकडच्या लग्नपत्रिका पाहिल्या नसतील तर सांगतो, देवाधर्माचं एका ओळीत आटपतं आणि मग नावं सुरू होतात. काका, मामा, आत्याचे यजमान, भाऊबंद, गावातले मानकरी. एक नाव राहिलं तर मांडवात भांडण. अशी पन्नास नावं भरायची आणि ती उडायची, पुन्हा भरायची, पुन्हा उडायची. नवनीतभाई भला माणूस, पण त्याचंही गिऱ्हाईक त्याच्या उरावर बसलेलं. तो फोनवर म्हणाला, "हुमाताई, असं चालू राहिलं तर पुढचं काम मला सुरतलाच द्यावं लागेल." सुरतेचं नाव ऐकून हुमाने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. अख्तरबानोने ते पाहिलं.

दुरुस्तीवाला अजित आला. त्याने सीपीयू ओढून बाहेर काढला आणि त्याचा अंगरखा पाहून जमिनीवर बसूनच हसला. "मावशी, या मार्चच्या गरमीत याला स्वेटर कोणी घातलं?" मग त्याने मागची जाळी दाखवली. पंखा आतला ताप बाहेर फेकतो तो तिथून, आणि नेमकी तिथेच मखमल, बाहेर तर फळी. हात लावून बघा म्हणाला. अख्तरबानोने हात लावला आणि झटकन मागे घेतला. तवा परवडला.

तिला फार लागलं ते. ती हुमाला म्हणाली, "मीच गं माझ्या हाताने तुझ्या कामाचा गळा दाबत होते." हुमा म्हणाली, "जाऊ दे अम्मी, मखमल छान होती." अख्तरबानोने नाडी सोडली, कव्हर काढलं, त्याचं भांडी उचलायचं फडकं करून टाकलं.

अजितने उपाय सांगितला, पाठीमागच्या फळीला भोक पाडा आणि एक पंखा बसवा. निजाम मिस्त्रीचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच पाठीला भोक पाडायचंय. पण लेक समोर उभी होती. त्याने दातओठ खात भोक पाडलं, तेही कंपासने आखून, गोल गरगरीत. फळीच्या मागे भिंतीत जुना झरोका होता, बुजवायचा राहिलेला, तो नेमका कामी आला. अजित म्हणाला, बाहेरची हवा आत घेऊ, मशीन थंड राहील. अजित नंदुरबारचा असून असं म्हणाला, याला काय म्हणावं. आणि घरातलेही सगळे नंदुरबारचेच, कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. झरोक्यापलीकडे काय पसरलंय ते रोज बघूनही विसरायला माणसाला जन्म इथेच घ्यावा लागतो.

सकाळी पथारीवर बायका मिरची खालीवर करायला लागल्या, आणि हुमाने पंखा सुरू केला. पहिली शिंक हुमाची, दुसरी अख्तरबानोची. मग मिस्त्री आला, "काय झालं" म्हणायला तोंड उघडलं आणि तो जो खोकत सुटला तो दारातल्या पायरीवर जाऊन बसला. शेजारचा वसीम धावत आला, त्याला वाटलं कोणी फोडणीत मिरच्यांचं पोतं ओतलं. डोळ्यांत पाणी, नाकात आग, आणि पंखा आपला इमानदारीने मैदानातला सगळा तिखटपणा बैठकीत आणतोय. मिस्त्री खोकता खोकता म्हणाला, "मी सांगत होतो, भोक पाडू नका." त्याला त्या अवस्थेतही आनंद झाला होता, हे अख्तरबानोने ओळखलं.

हुमाने नाकाला ओढणी बांधली, पंख्याचे स्क्रू काढले आणि तो उलटा करून बसवला. आता पंखा आतली गरम हवा मैदानात फेकू लागला. मिरचीला काय, तिला वाळायचंच होतं. मशीन दिवसभर चाललं, एकदाही बंद पडलं नाही. अख्तरबानोने त्या दिवशी शेवयांची खीर केली.

पण एक गोष्ट राहिली. दार. पंखा मागून हवा फेकतो ती घेतो समोरून, बैठकीतून. दार उघडं असेल तर ठीक. दार लावलं की घ्यायला हवाच नाही. आणि मिस्त्रीच्या दाराला फट शोधून सापडायची नाही. कोणी आलं की मिस्त्री अजून घाईने ते लावायचाच, हुमा चालू काम तसंच टाकून आत जायची, आणि पाहुणा उठेपर्यंत मशीन आतल्या आत तापून बंद. "अब्बा, दार उघडं राहू द्या," हुमा म्हणाली. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही," मिस्त्री म्हणाला, आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

त्या रविवारी ब्राह्मणपुरीच्या गिरधर बापूंच्या नातीची, रूपाची पत्रिका हुमाच्या हातात होती. गिरधर बापू म्हणजे ज्यांच्या ओसरीवर अख्तरबानोचा बाप गाद्या पिंजायचा, तेच. सकाळी त्यांनी फोनवरून आणखी नावं वाढवली होती आणि नवनीतभाईने निक्षून सांगितलं होतं, आज दुपारी छपाईला पाहिजे, नाहीतर हे काम शेवटचं. हुमा मान वर न करता भरत होती. आणि अशात दारात रिक्षा थांबली.

रिक्षातून निजामची थोरली बहीण उतरली, शहाद्याची अलमास फूफी. तिच्यामागे एक जाडजूड बाई आणि तिचा मुलगा जाकीर. हुमासाठी स्थळ, सुरतेचं नातं तलाकने केव्हाच संपलं होतं. येणार हे मिस्त्रीला माहीत होतं, पण संध्याकाळी येतील म्हणाले होते. त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं, जमलं तर सांगू म्हणून. त्याची एकच धांदल उडाली. "हुमा, ऊठ, ऊठ," म्हणत त्याने फळी आत ढकलली आणि दार लावलं. मशीन चालूच. पत्रिका अर्धी.

पाहुणे बसले. हुमा डोक्यावरून ओढणी घेऊन कोपऱ्यात बसली, हात मांडीवर. मुलाची आई बोलायला बरी होती, गोड बोलत होती. म्हणाली, आम्हाला काही नको, मुलगी घरात रमणारी पाहिजे. आधीच्या सुनेने नोकरीच्या नादात घर मोडलं. मिस्त्री म्हणाला, "नाही नाही, आमची हुमा घरातच असते." आता हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

अख्तरबानो चहा घेऊन आली तेव्हा तिला आवाज ऐकू आला. शोकेसच्या आत पंखा घोंघावत होता. आधी बारीक, मग चढत गेला, मग एखादं माणूस धाप लागून श्वास ओढतं तसा. तिला आता तो आवाज ओळखीचा झाला होता. यानंतर थोड्या वेळात बंद पडतं. तिने हुमाकडे पाहिलं. पोरीची नजर जमिनीवर होती, पण कान शोकेसकडे, आणि मांडीवरची बोटं एकमेकांत इतकी घट्ट की नखं पांढरी पडलेली. ती उठत नव्हती. आईसारखी गुमान बसली होती. ट्रे हातात धरून अख्तरबानो तशीच उभी राहिली.

"हा आवाज कसला येतोय?" मुलाच्या आईने विचारलं.

"फ्रिजचा," निजाम मिस्त्री म्हणाला.

अख्तरबानोने ट्रे खाली ठेवला.

"फ्रिज तं मझारला घरमा शे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने सवयीने चप्पल कुठे आहे ते पाहिलं. पण पाहुण्यांना सोडून जाणार कुठे?

ती शोकेसकडे गेली आणि दार सताड उघडलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी धग बाहेर आली, जाकीरने चेहरा मागे घेतला. स्क्रीन अजून जिवंत होती. "हुमा, ऊठ," ती म्हणाली. "गिरधर बापूनी पत्रिका पुरी कर."

हुमाने एकदा अब्बांकडे पाहिलं. मग उठली, ओढणी खांद्यावर टाकली, फळी ओढली आणि बसली.

एवढ्यावर थांबली असती तर ती अख्तरबानो कसली. दार उघडलं तर पुन्हा लावता येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर आणला, स्टूल ओढलं आणि सर्वांच्या देखत बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला बसली. जुने स्क्रू, हलेनात. तिने पदर खोचला, जोर लावला, हात लाल झाले. मिरचीत भाजलेले हात ते, स्क्रूने काय होतंय?

"बानो, हे काय चाललंय?" मिस्त्रीचा आवाज चिरका झाला. "ते दार माझ्या हातचं आहे."

"पोर बी तुमन्याच हातनी शे," ती म्हणाली, मागे न बघता. "तिले कसाले लपाडानं? चोरी करेल शे का तिनी?"

 हुमाच्या बोटांचा कीबोर्डवर टकटक आवाज चालूच. शेवटी मुलाच्या आईने घसा साफ केला. "रोज बसते का ही अशी?"

"रोज बसते," अख्तरबानो म्हणाली.

"आणि निकाह झाल्यावर?"

"झाल्यावर बी बसेल."

"आमच्याकडे हे असं..."

"तुमच्याकडे भिंत आहे ना?" अख्तरबानोने शेवटचा स्क्रू काढला. ते जड दार तिने एकटीने पेललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग घाम पुसत वळली. "न्यायची असेल तर कपाटासकट न्या. नुसती पोर मिळणार नाही."

मुलाची आई उठली. जाकीर जाता जाता स्क्रीनकडे बघून आईच्या मागे गेला. चहा तसाच राहिला. अलमास फूफी उंबऱ्यावर थांबली आणि भावजयीला म्हणाली, "बानो, ही पोर आता जन्मभर तुझ्याच गळ्यात राहणार, लिहून ठेव."

"ऱ्हाऊ दे," अख्तरबानो म्हणाली. "मन्हा गळा मजबूत शे."

पत्रिका गेली. गिरधर बापूंचं एकही नाव राहिलं नाही, आणि नवनीतभाईने संध्याकाळी पुढच्या दोन पत्रिका पाठवल्या. अख्तरबानोने त्या दिवशी शोकेसची वरची काच सरकवली, सोनेरी काठाचे कप काढले, त्यांची धूळ झटकली आणि दोघींचा चहा त्यात ओतला. तिसरा कप भरून ठेवला. मिस्त्री आला नाही, तो आपल्या सुतारकामाच्या दुकानात जाऊन बसला होता.

 जवळजवळ आठवडा दार भिंतीला टेकून उभं होतं, मिस्त्री जाता-येता त्यावरून हात फिरवायचा. मग एका सकाळी, हुमा काम करत असताना, तो दारापाशी उभा राहिला आणि बिजागऱ्यांच्या रिकाम्या खुणा चाचपत म्हणाला, "बानो, बिजागऱ्या कुठे ठेवल्यास?"

"भंगारवाल्याला दिल्या," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "लसूण घेतला."

निजाम मिस्त्री सुतार माणूस. त्याच्या पेटीत बिजागऱ्या खच्चून भरलेल्या, पितळी, लोखंडी, हव्या त्या मापाच्या, आणि पेटी त्याच्या पायाशीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या हुमाकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि विचारलं, "लसूण तरी चांगला दिला का?"